पालकांना घेऊन ये

निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल दिली, नारळ दिला,
आणि शिपाई सुखदेव हेडाऊनं माझ्या टेबलाचा खण
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रिकामा करून हातात ठेवला.
"तुमचाच माल आहे सर. शाळा काय करन ह्याचं?"
तेरा वर्षं तो डबा दिवाणाखाली होता.

यंदा एप्रिलातच कूलरचा पंप जळला.
पाचपावलीच्या पुलाखालची सावली
दुपारी कुत्रीसुद्धा सोडत नव्हती.
मेकॅनिक आला, जुनी खस उपसून अंगणात टाकली,
हात पुसत म्हणाला, "ओळखलं नाही न सर?
सोनकुसरे. आठवी ब. तुम्ही माही चक्री घेतली होती."

मी डबा ओढला.
गोट्या, दोन बेचक्या, फुटका आरसा,
सिगारेटच्या पाकिटांचे कापलेले पत्ते,
कुणाची तरी कुणाला न पोचलेली चिठ्ठी.
तिच्यातलं शुद्धलेखन मी तेव्हा लाल शाईनं सुधारलं होतं,
देव जाणे का.

चक्री निघाली. त्यानं उलटीपालटी करून पाहिली.
"ही नाही सर. माहीवर बापानं नाव कोरलं होतं.
ही दुसऱ्या कोण्या पोट्ट्याची."
मग जरा थांबून, "द्या तरी. आता कोण विचारते?"
पंपाचे पैसे घेतले. मजुरी घेतली नाही.

नियम साधा होता, मीच केलेला:
पालकांना घेऊन ये, वस्तू घेऊन जा.
आणि यायचे ते.
मागावरून उठून, बोटांना सूत चिकटलेलं,
गिरणीची रातपाळी डोळ्यांत तशीच,
माझ्यादेखत पोराच्या पाठीत एक धपाटा घालून
भोवरा स्वतःच्या खिशात टाकायचे.
एक आई आली होती कळमन्याहून चालत, एका गोटीसाठी.
ती मी दिली की नाही, आता आठवत नाही.

डब्याच्या तळाशी लाकडी बैल होता.
तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
सहावी अ मधल्या एकानं दप्तरातून आणलेला,
बेगडाची झूल, चार चाकं, एक शिंग आधीच मोडलेलं.
मी कोन मोजायला दिले होते
आणि हा बाकावर बैल चालवत होता.
मी हात पुढे केला. त्यानं बैल दिला.
"पालकांना घेऊन ये."
"हो सर."
वर्ग हसला. मला कळायला वेळ लागला.
हजेरीत त्याचं आडनाव माझंच होतं.

रात्री ताटं वाढता वाढता सिंधू म्हणाली,
"देऊन टाका न. पालक तर घरातच बसले आहेत."
मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.
हेमराज शेजारच्या पाटावर
वरणभात कालवत राहिला, बराच वेळ.

त्यानं कोणालाच आणलं नाही.
निकालाच्या दिवशीही नाही.
पुढे घरातही सर म्हणू लागला,
आधी चुकून, मग हसून, मग तसंच.

सिंधू गेली तेव्हा विमानतळावरून सरळ गंगाबाई घाटावर आला,
सगळं उरकल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,
"चला सर."
लोकांना वाटलं, जुना विद्यार्थी असेल.

रविवारी कॅलगरीहून फोन येतो.
"जेवलात का सर? ऊन किती आहे?"
"चव्वेचाळीस. कूलर सुधरवला. सोनकुसरेनं, आठवी ब."
"बरं झालं."
मग दोघंही त्या तारेवरचं खरखरणं ऐकतो.
बैलाचं ओठांशी येतं. मी विचारतो, "तिकडे बर्फ वितळला का?"

बैल मी कूलरवर ठेवला आहे.
पंखा लागला की पत्रा थरथरतो
आणि तो चाकांवर आपोआप सरकू लागतो,
इंच इंच, मोडक्या शिंगासकट, खिडकीकडे.
रात्री दोनदा तरी उठतो मी,
कडेला आलेला उचलून मागे नेऊन ठेवतो.
काल एक चाक निसटलं.
कॉटखाली, खसेच्या काड्यांत, दाराच्या फटीत
शोधतो आहे.